उलाढाल छापता, वसुली कधी छापणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या उद्योग पुरवणीत सोलापुरातल्या तरुण गारमेंटवाल्यांवर पानभर मजकूर आला होता. फोटो झकास होते, एकेक जण मशीनवर हात ठेवून उभा, आणि प्रत्येकाच्या नावाखाली उलाढाल एवढी, मशीन एवढ्या, कामगार एवढे आणि "गुंतवणूक तीन वर्षांत वसूल" असं. त्यात खोटं काही होतं असं माझं म्हणणं नाही. पण तेच पान कापून घडी घालून माझा भाचा माझ्याकडे घेऊन आला, मामा हे बघा आणि मला सांगा मी कशाला थांबू, आणि तिथून पुढे दोन आठवडे आमच्या घरात जे चाललं ते तुम्हाला आणि वाचकांना कळावं म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, कात्री लावा, फक्त आकड्यांना लावू नका.

आधी माझं सांगतो. पस्तीस वर्षं इथल्या टॉवेल कारखान्यांत हिशेब लिहिले, लोक मुनीम म्हणायचे, मी हिशेबनीस म्हणायचो. रोजमेळ आणि खतावणीपासून सुरुवात, नंतर कॉम्प्युटरवरचं टॅली आलं. एवढ्या वर्षांत एक गोष्ट डोळ्यासमोर इतक्या वेळा बघितली की आता राग पण येत नाही. ताळेबंदात नफा आणि आठवड्याच्या पगाराला गल्ल्यात पैसे नाहीत. मी जिथे कामाला होतो त्यातला एक कारखाना तर नफ्यात असताना बंद पडला, नाव घेत नाही, मालक आता नाहीत. १९९९ साली केंद्राची टफ योजना आली, नव्या मशीनच्या कर्जावर व्याजात पाच टक्के सवलत, तेव्हा मालकांनी साधे माग काढून नवीन लूम टाकले, माल वाढला, विक्री वाढली, सीएने नफा दाखवला, त्यावर टॅक्स भरला, आणि बाहेरच्या एका मोठ्या पार्टीकडे पैसे अडकले ते अडकलेच. व्याजाची सवलत पण आम्ही कागदावर पहिल्या महिन्यापासून धरली होती, हातात आली तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. सूतवाला थांबत नाही, लाइटबिल थांबत नाही, कामगार तर अजिबात थांबू शकत नाही. नफा कागदावर होता, रोकड नव्हती. त्या दिवसापासून मी कुणाच्याही नव्या मशीनचं कौतुक करायच्या आधी विचारतो, पैसे कधी येणार?

आता भाच्याचं. त्याचा शाळेच्या युनिफॉर्मचा धंदा आहे, दहा-बारा वर्षांचा, चांगला चाललाय. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो कारण सगळी मेख इथेच आहे. युनिफॉर्म विकला जातो मे-जूनमध्ये, पण कापड घ्यायचं डिसेंबरपासून, भिलवाड्याहून म्हणा इचलकरंजीहून म्हणा. मग जानेवारीत सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे आमची यात्रा, त्यात कामगार सुट्ट्या घेतात, गड्डा संपला की कामाला वेग, फेब्रुवारी ते मे नुसती शिलाई, एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली बसून. माल जातो मे-जूनला, इथे आणि कर्नाटक तेलंगणात पण. आणि पैसे? दुकानदार म्हणतो शाळा सुरू होऊ दे, शाळा म्हणते फी गोळा होऊ दे, असं करत थोडे ऑगस्टला, थोडे गणपतीनंतर, आणि राहिलेले दिवाळीला. काही तर दिवाळीचं तोंड दाखवून पुढे सरकतात.

भाच्याला एका मशीनवाल्याने पॅकेज दिलं होतं. कटिंग मशीन, नवीन शिलाई मशीन, ओव्हरलॉक, आणि लोगो काढायला कॉम्प्युटरवाली एम्ब्रॉयडरी मशीन, सगळं मिळून २४ लाख. (जीएसटी वेगळा, तो क्रेडिटमधून परत मिळतो पण हळूहळू, तेवढे पैसे पण काही महिने अडकतातच, असो, तो मी सोडून दिला.) या मशीनवर वर्षाला ६० लाखांचा माल जास्त निघेल असा अंदाज. कापड, मजुरी, लाइट, ट्रान्सपोर्ट, कमिशन असा खिशातून जाणारा खर्च ५५ लाख. राहिले ५. शिवाय आत्ता लोगोचं काम बाहेर देतो त्याचे वाचतील ३. वर्षाला ८ लाख. २४ भागिले ८, तीन वर्षं. झालं, वसूल! पोराने एक्सेलमध्ये आयआरआर, म्हणजे घातलेल्या पैशावर वर्षाला किती टक्के सुटतात तो आकडा, पण काढला होता, सहा वर्षं मशीन चालली आणि शेवटी ४ लाखाला विकली असं धरून, २६ टक्के. बँकेत एफडीला काय मिळतं मामा, असं मलाच विचारत होता.

मी म्हटलं ठीक आहे, पण या ६० लाखांच्या मालासाठी उधारीत किती अडकणार? तर म्हणतो ते सीसीमधून भागेल की वो. (सीसी म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट, लिमिटपर्यंत लागेल तसं उचलायचं कर्ज.) म्हणजे त्याच्या डोक्यात ती गुंतवणूकच नव्हती. मशीन ही गुंतवणूक, उधारी म्हणजे आपलं चालायचंच.

इथे मला वाटतं सोलापुरातले निम्मे हिशेब चुकतात. मशीन डोळ्याला दिसते, तिला नारळ फोडतो, हार घालतो. उधारीला कोण हार घालणार? पण रोकड दोन्हीकडे सारखीच जाते. बँकांचा एक जुना नियम आहे, नायक समितीचा, छोट्या उद्योगाला वर्षाच्या विक्रीच्या साधारण पाव हिस्सा खेळतं भांडवल, म्हणजे मालात आणि उधारीत अडकून फिरणारा पैसा, लागतं असं धरायचं, त्यातले २० टक्के बँक देणार आणि ५ टक्के आपण घालायचे. ६० लाखांचा पाव म्हणजे १५ लाख. म्हणजे पहिल्या दिवशी खरी गुंतवणूक २४ नाही तर ३९ लाख. आणि हे १५ पण वर्षाची सरासरी बरं का, मे महिन्याच्या शेवटी, सगळा माल गेलाय आणि एक रुपया आला नाही अशा वेळी, कापडवाल्याला आपण द्यायचे राहिलेले वजा करूनसुद्धा तोच आकडा तीस लाखांच्या घरात जातो. वर्षाच्या तक्त्यात हे कधीच दिसत नाही म्हणून मी त्याला बारा महिन्यांचे बारा रकाने पाडायला लावले. मे महिन्याचा रकाना बघून पोरगं गप्प झालं.

बँकेच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये पण हीच गंमत. तिथे कर्ज फेडायची ताकद दाखवणारा डीएससीआर नावाचा आकडा असतो, करानंतरचा नफा अधिक घसारा (मशीन जुनी होते म्हणून दरवर्षी कागदावर धरलेली घट) अधिक व्याज, त्याला भागायचं हप्ता आणि व्याजाने. तो सव्वाच्या वर आला म्हणून सगळे खूश. पण या आकड्याला वाढलेली उधारी दिसतच नाही, विक्री झाली की पैसे आले असंच तो समजतो. बँकेने ते १५ लाख ओळखले नव्हते असं नाही, ओळखले होते, पण दुसऱ्या कागदावर, सीसी लिमिटच्या. त्या सीसीचं व्याज वर्षाला सव्वा लाखाच्या पुढे जातं ते तिसऱ्याच कागदावर. तीन कागद तीन टेबलांवर, आणि मालक एकटाच आहे ज्याच्या खिशातून तिन्हींचे पैसे जातात.

मोठ्या कंपन्यांना निदान वर्षाच्या शेवटी कॅश फ्लो स्टेटमेंट करावं लागतं, धंद्यातून किती आले, मशीन-जागेत किती गेले, कर्ज-भांडवलाचे किती आले-गेले, असे तीन भाग. पण २०१३ च्या कंपनी कायद्यात छोट्या कंपनीला त्यातून सूट आहे, आणि आपल्याकडचे बहुतेक तर कंपनी पण नाहीत, भागीदारी नाहीतर एकट्याच्या नावावर. सूट मिळाली म्हणजे काम वाचलं असं लोकांना वाटतं. मला वाटतं आरसा काढून घेतला.

बरं, पुढचा हिशेब. आज दिलेले ३९ लाख आणि पुढच्या सहा वर्षांत थोडे थोडे येणारे पैसे, हे नुसते एकमेकांतून वजा करता येत नाहीत कारण उद्याचा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो. हे भाच्याला समजवायला मी पाटी-पेन्सिल घेऊन बसलो होतो तेवढ्यात आमच्या अक्का, म्हणजे त्याची आई, चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, एवढं काय त्यात, लिलावाची भिशी तशीच असते की! खरंच की. ज्याला पहिल्या महिन्यात उचलायची असते तो कमी पैसे घेऊन उचलतो, शेवटपर्यंत थांबणाऱ्याला पूर्ण मिळतात. म्हणजे लवकर हवे तर कमी, उशिरा चालतील तर जास्त, आणि त्या कमी-जास्तीतूनच वेळेची किंमत ठरते. कॉलेजात एमबीएच्या पोरांना जे डिस्काउंटिंग शिकवतात ते आमच्या गल्लीतल्या बायका कधीपासून करतायत.

आम्ही दर धरला १२ टक्के. का १२, तर स्वतःचा आणि बँकेचा पैसा मिळून, टॅक्स जाऊन एवढं तरी सुटलं पाहिजे, नाहीतर एवढी जोखीम कशाला. या दराने सहा वर्षांनी मिळणारे १०० रुपये म्हणजे आजचे ५० रुपये ६६ पैसे. व्याज वेगळं वजा करायचं नाही, ते या दरात आलं, नाहीतर दोनदा कापलं जातं. (ही चूक मी स्वतः बरीच वर्षं करत होतो.)

टॅक्स मात्र धरायचा, ती खरीखुरी रोकड जाते. आणि घसारा? घसारा खिशातून जात नाही म्हणून तो खर्च धरायचा नाही, पण त्याच्यामुळे टॅक्स वाचतो, तेवढं वाचलेलं धरायचं. मशीनवर आयकरात १५ टक्के घसारा मिळतो, दरवर्षी राहिलेल्या किमतीवर. पहिल्या वर्षी २४ लाखांवर ३ लाख ६० हजार, टॅक्स ढोबळ ३० टक्के धरला तर १ लाख ८ हजार वाचले. तर ८ लाखांतून टॅक्स गेला की पहिल्या वर्षी हातात ६ लाख ६८ हजार, मग घसारा कमी होत जातो तसं तेही कमी होत सहाव्या वर्षी ६ लाख ८ हजार. सहा वर्षांत मिळून साधारण ३८ लाख. घातले ३९! म्हणजे तीन वर्षांत वसूल तर सोडाच, सहा वर्षं चालवून सुद्धा नुसत्या कमाईतून पैसे वसूल नाहीत, शेवटी मशीन विकून आणि उधारी गोळा करूनच होणार.

उधारीतले १५ लाख शेवटी परत येतात, पण सगळे येत नाहीत, धंदा केलेल्याला सांगायला नको. आम्ही १३ धरले, मशीनचे ४, असे १७ लाख सहाव्या वर्षी. हे सगळं १२ टक्क्याने आजच्या किमतीत आणलं तर बेरीज होते ३४ लाख ८७ हजार. उणे ३९. म्हणजे ४ लाख १३ हजारांचा खड्डा. याला एनपीव्ही म्हणतात, शून्याच्या वर आला तर पुढे जा, खाली आला तर थांब, इतकं सरळ आहे. दर जास्त धरला म्हणून असं आलं असं भाचा म्हणाला म्हणून १० टक्क्याने पण करून बघितलं, तरी १ लाख ६० हजार उणेच. आणि त्याचा तो २६ टक्क्यांचा आयआरआर? उधारी आणि टॅक्स धरल्यावर पावणेनऊच्या आसपास. मशीन तीच, माल तोच.

एक्सेलबद्दल एक सांगून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. एक्सेलमधलं एनपीव्हीचं सूत्र पहिला आकडा वर्ष संपल्यावरचा समजतं, आजचा नाही. त्यामुळे आज घातलेले पैसे कंसात टाकायचे नाहीत, बाहेर वेगळे वजा करायचे. भाच्याने सगळं आत टाकलं होतं. आणि आपल्यासारख्या सीझनच्या धंद्यात तर तारखा टाकून एक्सएनपीव्ही वापरलेलं बरं, कारण जूनला आलेले पैसे आणि दिवाळीला आलेले पैसे यांना ते वेगळं ओळखतं. अजून एक, मशीन बघायला प्रदर्शनाला जाऊन आला त्यात ३५ हजार गेले, ते पण त्याने हिशेबात धरले होते, एवढे घातले आता मागे कसं फिरू म्हणत होता. ते गेले. मशीन घेतली तरी गेले, नाही घेतली तरी गेले, त्यांना या हिशेबात जागा नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. भाच्याने त्या मशीनवाल्याकडे दोन लाख सूट मिळवायला चार चकरा मारल्या, फोन वेगळे, कुणाकुणाची ओळख काढली. आम्ही करून बघितलं, दोन लाख सूट मिळाली तर खड्डा ४ लाख १३ हजारांवरून येतो २ लाख ४० हजारांवर. आणि उधारी निम्मी झाली, १५ ऐवजी साडेसात लाखच अडकले, तर? खड्डा जवळजवळ बुजतो, शून्याला येऊन टेकतो! म्हणजे दोन लाखांच्या सुटीपेक्षा दुकानदाराकडून लवकर पैसे घेण्यात दुपटीपेक्षा जास्त फायदा. पण त्यासाठी चार चकरा कोण मारतंय? मशीनवाल्याशी भाव करताना आपण वाघ, आणि गिऱ्हाइकाकडे पैसे मागताना आपलं मांजर.

लगेच पोरगं म्हणालं, मग दुकानदाराला दोन टक्के सूट देतो, लवकर पैसे दे म्हणतो. ते पण करून बघितलं. ६० लाखांवर दोन टक्के म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार, सहा वर्षांचे आजच्या किमतीत टॅक्स जाऊन साडेतीन लाख. म्हणजे उधारी निम्मी करून मिळवलं ४ लाख २० हजार आणि त्यातले साडेतीन सुटीतच गेले. सूट देऊन नाही, ऑर्डर घेतानाच थोडी आगाऊ रक्कम घेऊन हे जमलं तरच खरं, आणि ते गोड बोलून जमवायचं काम आहे, एक्सेलचं नाही.

कायदा आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे हे २००६ च्या कायद्यातच आहे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. आणि २०२३-२४ पासून आयकरात पण आलं की वेळेत दिले नाहीत तर माल घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येणार नाही. नियम चांगलाच आहे. पण भाच्याने एका जुन्या दुकानदाराला ४५ दिवसांचं नाव काढलं तर तो हसून म्हणाला, बरं मग यंदा दुसरीकडून घेतो. दहा वर्षांचं गिऱ्हाईक, काय करणार? त्यामुळे कायद्याचे ४५ दिवस हिशेबात धरायचे नाहीत, आपल्या वहीत मागच्या तीन वर्षांत खरोखर जे दिवस लागले तेच धरायचे.

परत अक्कांकडे येतो. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी एकच प्रश्न विचारला. हे सगळं ठेवणार कुठं? भाचा म्हणाला मागच्या शेडमध्ये. अक्का म्हणाल्या, आणि मग त्या शेडचं आठ हजार भाडं येतंय त्याचं काय? साहेब, मी पस्तीस वर्षं हिशेब लिहिले आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. जागा स्वतःची आहे म्हणून आम्ही ती फुकट धरली होती. वर्षाला ९६ हजार, सहा वर्षांचे आजच्या किमतीत टॅक्स जाऊन अजून अडीच-तीन लाख खाली. खड्डा सात लाखांच्या आसपास गेला. खर्च म्हणून कुणाला चेक द्यायचा नव्हता म्हणून तो आम्हाला दिसला नाही, पण येणारं भाडं बंद होणं ही पण जाणारीच रोकड.

पोरगं हुशार आहे, हार मानत नाही. दुसऱ्या दिवशी नवीन तक्ता घेऊन आलं. जुलै ते नोव्हेंबर मशीन रिकाम्या असतात, तेव्हा हॉस्पिटल आणि सिक्युरिटीवाल्यांचे युनिफॉर्म करायचे, वर्षाला अडीच लाख जास्त सुटतील. बरोबर तेवढ्यानेच तो सात लाखांचा खड्डा भरत होता, अगदी मापात शिवल्यासारखा. मी म्हटलं, काम चांगलं आहे, जरूर कर. पण जुलै ते नोव्हेंबर तुझ्या जुन्या मशीन काय करतात? त्या पण रिकाम्याच. मग हे काम आजच्या आज जुन्या मशीनवर होतंय की, ते नव्या मशीनच्या खात्यात कसं टाकणार? नवीन मशीन आली म्हणून जे जास्त येणार तेवढंच तिचं, जे तिच्याशिवाय पण येणारच होतं ते तिचं नाही. यावर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, अक्कांना म्हणाला मामा लई चिकट हिशेबी हैत.

तिसऱ्या दिवशी मीच फोन केला, कारण रात्री झोपताना मला वाटलं की आपण पण एक चूक करतोय. पॅकेज म्हणून सगळं एकत्र तोलतोय. त्याने विकलं एकत्र म्हणून आपण हिशेब एकत्र का करायचा? सुटं केलं. एम्ब्रॉयडरी मशीन एकटी ९ लाखांची. ती आली तर नवीन माल वाढत नाही, नवीन उधारी होत नाही, आज लोगोचे जे पैसे बाहेर जातात ते वाचतात, धागा सुया ऑपरेटर लाइट सगळं जाऊन वर्षाला ३ लाख. शेड पण लागत नाही, पुढच्या खोलीत बसते, भाडं चालू राहतं. शेवटी दीड लाखाला विकली असं धरून एनपीव्ही आला १ लाख ६० हजार अधिक. म्हणजे पॅकेजमधली एक वस्तू चांगली होती आणि बाकीच्या १५ लाखांच्या मशीन तिच्या पदराला धरून आत येत होत्या.

या हिशेबातून सगळं कळतं असं मात्र नाही. सीझनमध्ये ऑर्डर नाही घेतली तर ते गिऱ्हाईक कायमचं जाईल, ही भाच्याची भीती खोटी नाही, आणि मशीन नाही घेतली तर सगळं आज आहे तसंच राहील असं मी धरलंय तेही खरं नाही. त्यावर सध्याचा मार्ग असा काढलाय की जास्तीची शिलाई ओळखीच्या दोन छोट्या युनिटला जॉबवर द्यायची. मार्जिन कमी, पण मशीनमध्ये पैसे अडकत नाहीत, आणि उधारी झेपेल तेवढ्याच ऑर्डरी घ्यायच्या. जमेल की नाही एका सीझनमध्ये कळेल. सहा वर्षं मशीन नीट चालेल हा पण अंदाजच, इथलं व्होल्टेज बघता मी पाचच धरणार होतो.

तर संपादक साहेब, माझी मागणी छोटी आहे. हे १८७७ साली 'जुनी मिल' नावाची कापडगिरणी सुरू झालेलं गाव आहे, गिरण्या गेल्या, माग आले, माग कमी झाले आता गारमेंट आलंय, प्रत्येक वेळी नव्या मशीनचे फोटो छापून आले. तुम्ही उलाढाल छापता, मशीनचा आकडा छापता, त्याच्याशेजारी अजून दोनच आकडे विचारून छापा. विक्री झाल्यापासून पैसे यायला सरासरी किती दिवस लागतात, आणि वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यात किती रक्कम अडकलेली असते. काही जण सांगणार नाहीत, काहींना स्वतःलाच माहीत नसेल, माहीत नसलं तर तसं छापा. आणि तीन वर्षांत वसूल असं कुणी म्हणालं तर त्यात उधारी आणि टॅक्स धरलाय का एवढं तुमच्या वार्ताहराने विचारावं. माझ्या भाच्यासारखी पोरं ते पान घडी घालून खिशात ठेवतात आणि त्याच्यावर कर्ज काढतात.

भाच्याने एम्ब्रॉयडरी मशीन बुक केलीय, दसऱ्याला येईल. त्याचा पण फोटो छापायचा असेल तर कृपया दिवाळीनंतर या, तोपर्यंत यंदाची वसुली किती झाली ते त्याला सांगता येईल.

कळावे,
आपला,
एक जुना हिशेबनीस
साखर पेठ, सोलापूर